मशीनची ट्रायल

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. चाळीस वर्षं मी शिंपीकाम केलं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याचा कुठला खांदा उतरता आहे हे मला गळ्यातला टेप काढायच्या आधीच कळायचं. आणि त्याने "मास्तर, जरा घट्टच ठेवा" म्हटलं की माझं डोकं फिरायचं. किती घट्ट आणि किती सैल हे ठरवणार मी. तू फक्त हात बाजूला करून उभा राहा, बाबा!

तेव्हा आमच्या घरात एक मशीन घ्यायची ठरली आणि तिच्या मापाची बोलणी मला न विचारता सुरू झाली, याचा मला राग यायचाच होता.

मशीन शिलाईची नव्हती, लाकूड कोरायची होती. सीएनसी राउटर म्हणतात तिला. कॉम्प्युटरवर आकार काढून दिला की एक गरगर फिरणारं पातं पुलासारख्या दांडीवरून इकडून तिकडे सरकतं आणि तो आकार लाकडात कोरून देतं. पातं फिरवणाऱ्या मोटरला स्पिंडल म्हणतात. हे सगळं मला आठवड्याभरात तोंडपाठ झालं, कारण घरात दुसरा विषयच नव्हता.

मशीन हवी होती आमच्या सूनबाईला. ती लाकूडकाम करते. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात कापडात गुंडाळलेला पटाश्यांचा जुडगा होता. मला वाटलं, चमचे असतील. गेली दोन वर्षं ती एका बालवाडीसाठी अक्षरांच्या पाट्या करत होती. बावीस इंच लांब, पंधरा इंच रुंद अशी पाटी आणि तिच्यात ओळीने अक्षरांच्या गोल बुडाच्या खाचा. मुलांनी खाचेतून बोट फिरवायचं आणि अक्षर आधी हाताला शिकवायचं. सुंदर काम. मी सहसा कुणाच्या कामाला सुंदर म्हणत नाही. पण एकेक खाच पटाशी दाबून हाताने काढायची, आणि त्यापायी तिचा उजवा खांदा असा धरला की वेणी घालायची पंचाईत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पटाशी बंद. थोडे दिवस नाही, कायमची.

नेमक्या त्याच वेळी बालवाडीने आणखी साठ पाट्या मागितल्या. आणि नेमक्या त्याच वेळी कोपऱ्यावरच्या दंतवैद्यांनी, अगदी भल्या मनाने, तिला दवाखान्यातल्या काउंटरची नोकरी देऊ केली. येणाऱ्यांना वेळा द्यायच्या, फाइली लावायच्या, फोन घ्यायचे. एक तारखेपर्यंत कळवा, म्हणाले.  सूनबाई रोज दुपारी पटाश्या काढायची, पुसायची, तेलाचं बोट फिरवायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. ते मला बघवत नव्हतं. योग्य मशीन आली तर तिचं लाकूड सुटणार नव्हतं. नाही आली, किंवा भलतीच आली, तर एक तारखेपासून काउंटर. सगळं त्यावर अडलं होतं आणि हातात दिवस होते अकरा.

"चार बाय चारची घेऊ," आमचे चिरंजीव म्हणाले. चिरंजीव लोकांना मोटार चालवायला शिकवतात आणि त्यांना सगळं मोठं लागतं. त्यांनी आणलेला फ्रिज आत न्यायला स्वयंपाकघराच्या दाराची चौकट काढावी लागली होती. परत बसवल्यापासून ते दार करकरतं. "चार फूट बाय चार फूट. वर तीन किलोवॉटचं स्पिंडल. उद्या तू कपाटं करशील, दारं करशील. नंतर मशीन छोटी पडली असं व्हायला नको."

"वाढत्या अंगाची," मी म्हणालो.

"हो, तसंच समजा, बाबा."

"तुझे सगळे शर्ट मी वाढत्या अंगाचे शिवले. कॉलेजात जाईपर्यंत तुझ्या बाह्या दुमडलेल्या होत्या. वाढलं का अंग?"

चिरंजीव पाच फूट चार इंच आहेत. त्यांनी विषय बदलला.

सूनबाईने दुकानातून आलेल्या तीन पत्रकांमधलं सगळ्यात लहान मशीनचं पत्रक हळूच पुढे सरकवलं. "मला ही चालेल." बारा इंच बाय सोळा इंच. चहाचा ट्रे असतो एवढी.

"अगं, यात पाटी तरी बसेल का?" चिरंजीव म्हणाले.

"बसवेन मी."

मग दोघांचं सुरू झालं. तो म्हणणार मोठी, ती म्हणणार लहान, आणि दोघंही म्हणणार ते पत्रकावर बोट ठेवून. मशीन पाहिलेली नाही, खोली मोजलेली नाही, नुसती तोंडं वाजतायत. माझा पारा चढला.

"गप्प बसा दोघं," मी म्हणालो. "भारी कापडाला कात्री लावायच्या आधी आम्ही काय करतो? मांजरपाटाचा कच्चा शिवतो. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवतो. टाचण्या लावतो, हात वर करायला लावतो, बसायला लावतो. मशीनचीही ट्रायल होईल."

"मशीन कुणाच्या अंगावर चढवणार, बाबा?"

"खोलीच्या."

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरचे जुने पडदे काढले. चिरंजीवांनी कुठून तरी प्लास्टिकचे पाइप आणले. कित्येक महिन्यांनी मी शिलाई मशीनचं झाकण उघडलं आणि पडद्यांची एक मशीन शिवली. चार फूट बाय चार फूट, खाली पाय, वर आडवी दांडी, दांडीला स्पिंडलच्या जागी पाण्याची बाटली टांगलेली. पाइप सरकवायला नेफे ठेवले होते, म्हणजे उंची कमीजास्त करता येईल. काम मस्त झालं होतं. कोपऱ्यांना मी दुहेरी टीप मारली. गरज नव्हती, पण सवय जात नाही.

ती आम्ही मागच्या खोलीत नेली. मागची खोली म्हणजे दहा फूट बाय अकरा. एका भिंतीला सूनबाईचा कामाचा बाक, दुसऱ्या भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या फळ्या, गल्लीकडे एक खिडकी, आणि मधोमध माझं कटिंगचं टेबल. सहा बाय चारचं, भरीव लाकडाचं. खोलीत खांब असावा तसे सगळे त्याला वळसा घालून वावरायचे. पडद्याची मशीन आम्ही टेबल आणि खिडकी यांच्यामध्ये कशीबशी घुसवली. अंग तिरकं करून चाललं की पलीकडे जाता येत होतं.

"बसली की नाही!" चिरंजीवांनी टाळी वाजवली. सूनबाई फळी काखेत धरून त्या फटीतून जायचा प्रयत्न करत होती आणि फळी पुढे जायला तयार नव्हती.

"माणूस बसला, तर मशीन बसली असं म्हणायचं," मी म्हणालो. तरी मनातून मला वाटलं होतं, चला, निदान मावते आहे.

शनिवारी आम्ही तिघं मशीनच्या दुकानात गेलो. पत्र्याची मोठी शेड, जमिनीवर भुशाचा पातळ थर, आणि ओळीने उभ्या मशिनी. मालक लगबगीने पुढे आले आणि सरळ चार बाय चारसमोर घेऊन गेले. चिरंजीवांचे डोळे चमकले. मी टेप काढला. मशीनची रुंदी पाच फूट सात इंच. लांबी सहा फूट. मागे बाहेर आलेली मोटर, वर तारांची साखळी आणि बाजूला एक उभं लोखंडी कपाट, ते वेगळंच.

"ही चार बाय चार नाही!" मी इतक्या जोरात म्हणालो की शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी वळून पाहिलं.

"चार बाय चार कापते, काका," मालक शांतपणे म्हणाले. "स्वतः तेवढी कशी असेल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छाती अडतीस म्हणजे शर्ट अडतीस नव्हे, हे मी चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यात भरत आलो. तयार शर्टाला टेप लावून "मास्तर, पाच इंच जास्त कापलंत" म्हणणाऱ्यांना मी दुकानाच्या पायऱ्या उतरायला लावलं आहे. अंगाचं माप वेगळं, कपड्याचं माप वेगळं. आणि मीच, मी स्वतः, पत्रकातलं अंगाचं माप वाचून त्याच मापाचा कपडा शिवून बसलो होतो! चिरंजीव उघड उघड हसले. सूनबाईने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तिला काही ते जमलं नाही. बऱ्याच दिवसांनी ती हसली होती, म्हणून मी दोघांनाही सोडून दिलं.

मालकांना फोन आला आणि आमची सुटका झाली. पलीकडे एप्रन घातलेल्या एक बाई मशीन चालवून दाखवत होत्या. त्यांनी आम्हा दोघांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, थेट सूनबाईला विचारलं, "काय कापणार तुम्ही?"

"पाट्या. कडक लाकडाच्या. पाऊण इंच जाड. कधीतरी प्लायवूड."

"खाच किती खोल?"

"पाव इंच. गोल बुडाची."

"पात्याचा दांडा?"

"सहा मिलिमीटर. मोठ्या अक्षरांना आठ लागेल."

"मग तीन किलोवॉट कशाला हवंय?" चिरंजीव काहीतरी म्हणणार होते, पण बाई थांबल्या नाहीत. "एवढं जड स्पिंडल पेलायला सांगाडाही तसाच भक्कम लागतो. हलक्या मशीनवर टांगलं तर दांडी थरथरते आणि खाचेच्या काठाला दाते पडतात. शिवाय घरच्या वायरिंगवर तेवढा भार टाकायचा म्हणजे आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. आठशे वॉटचं घेतलंत तर पाट्या होतील, पण कडक लाकडात थोडं थोडं उतरत जावं लागेल. एका पाटीला जीव कंटाळेल. आणि आठचा दांडा त्याच्या तोंडात बसत नाही. तुम्हाला दीड किलोवॉट पुरतं. आता ते पाण्याने थंड होणारं हवं की हवेने, ते तुमच्यावर. पाण्याचं चालतं शांत, पण पंप, बादली आणि नळ्या सांभाळायच्या. शेजारी कोण राहतं?"

"भिंतीपलीकडे गाण्याच्या बाई आहेत. शिकवण्या घेतात."

"किती वाजता?"

"संध्याकाळी."

"मग सकाळी कापा. स्पिंडल कितीही गुपचूप चालणारं घ्या, पातं लाकडात शिरलं की लाकूड ओरडतंच."

मला बाई फार आवडल्या. आधी प्रश्न, मग सल्ला. मीही असाच धंदा केला. आणि त्यांचं म्हणणं मला लगेच पटलं. घरगुती शिलाई मशीनला कारखान्याची मोटर जोडली तर शिवण भराभर होत नाही, मशीनच खोलीभर नाचते. हे मी एकदा करून पाहिलेलं आहे.

"आणि आकार?" बाईंनी विचारलं.

"बारा बाय सोळा," सूनबाई पटकन म्हणाली.

"पाटी बावीसची म्हणालात ना?"

"दोन तुकड्यांत करेन. मग जोडेन."

बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि हातातली पेन्सिल कानामागे खोचली. "जोडता येतं," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला सगळ्या मशिनींची बाहेरची मापं लिहून देते. घरी जाऊन नीट मोजा. पुढून फळी चढवायला उभं राहता आलं पाहिजे आणि मागून भुसा काढायला हात गेला पाहिजे. तेवढं बघा."

रविवारी सकाळी दुसरी ट्रायल. मोठ्या मशीनचा प्रश्नच मिटला होता. ती आणली असती तर आम्हाला गल्लीत राहायला जावं लागलं असतं. चिरंजीवांनी तलवार म्यान केली. मी पडदा उसवून लहान मशीन शिवली, बाहेरच्या मापाने, दोन फूट बाय अडीच. ती खिडकीखालच्या कोपऱ्यात अलगद बसली.

"छान बसली," सूनबाई म्हणाली. "चालेल, बाबा. हीच घेऊ."

ती तिच्यासमोर उभी होती. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवलेली, पाय जवळ, पाठ टेबलाच्या कडेला लागू नये म्हणून पुढे झुकलेली.

इथे मी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. कंबरेला टेप लागला की माणूस श्वास आत ओढतो. सगळेच ओढतात. त्यांना फसवायचं नसतं. आपण कमी जागा घ्यावी असं आपलं वाटतं माणसाला. त्या मापाने शिवलेला कपडा आठवड्यात परत येतो. म्हणून मी टेप तसाच धरून ठेवायचो आणि गिऱ्हाइकाला बोलतं करायचो. मुलगी कितवीत आहे, घरमालक काय म्हणतो, काहीही. माणूस मनापासून बोलायला लागला की पोट जागेवर येतं. मग इंच वाचायचा.

सूनबाईने श्वास ओढून धरला होता. मी टेप काढला नाही, नुसता स्टुलावर बसलो.

"जोड कुठे येणार पाटीचा?" मी विचारलं.

"मधोमध. अकरा इंचावर."

"अकरा इंचावर काय असतं?"

"अक्षर असतं. ओळीतलं तिसरं." ती बोटाने हवेत खाच काढू लागली. "जोड त्याच्या पोटातून जाईल. पण घासून अगदी सपाट करेन मी."

"मग हरकत नाही."

"नाही, म्हणजे... हवा बदलली की लाकूड थोडं हलतं. दोन तुकडे सारखे हलत नाहीत."

"मग?"

"मग जोड हाताला लागायला लागतो." तिचं बोट हवेतच थांबलं. "मुलाचं बोट तिथे अडेल, बाबा. दर वेळी त्याच जागी. त्याला वाटेल, हे अक्षर काढताना इथे थांबायचं असतं."

चिरंजीव दारात चहाचे कप घेऊन उभे होते. 

"तुला किती मोठी हवी?" मी विचारलं.

"दोन फूट बाय तीन फूट," ती एका दमात म्हणाली. "दोन पाट्या शेजारी शेजारी, अख्ख्या बसतील. एकही खाच मध्ये तुटणार नाही. दीड किलोवॉट, हवेने थंड होणारं. पहिल्या दिवसापासून मला तीच हवी होती."

"मग मागत का नाहीस?"

 तिने टेबलाकडे पाहिलं.

मला कळलं, आणि कळल्याबरोबर मी भडकलो. कुणावर ते विचारू नका. "इतकी वर्षं या घरात सगळे वळसे घालतायत आणि मला एक शब्द कुणी बोलत नाही? मी काय वाघ आहे? तोंडाने सांगता येत नाही, बाबा, हे टेबल काढा म्हणून?"

"कोण सांगणार?" चिरंजीव म्हणाले. "तुम्हाला?"



खरं सांगायचं तर त्या टेबलावर शेवटचं कापड मी चार वर्षांपूर्वी कापलं. नंतर डोळ्यांनी दगा दिला. त्यावर मी पेपर वाचतो, चष्मा ठेवतो, आणि दुसऱ्या कुणी कप ठेवला की ओरडतो. पण रोज सकाळी त्या फळ्यांवर हात ठेवला की मी अजून मास्तर आहे असं मला वाटायचं. कुणाचं लग्नाचं जाकीट, कुणाचा पहिल्या नोकरीचा कोट, सगळं तिथे कापलेलं. ते टेबल जाणार म्हटल्यावर मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण समोर ही मुलगी कोपरं अंगाशी धरून उभी होती, आणि गिऱ्हाइकाने श्वास ओढून धरलाय हे दिसत असताना तसंच माप लिहून घ्यायचं, ही फसवणूक मी आयुष्यात केलेली नाही.

"काढा ते," मी म्हणालो.

"नको, बाबा," दोघं एकदम म्हणाले.

"काढा म्हणतो ना!"

"दारातून जाणार नाही," चिरंजीव म्हणाले. "चार इंच कमी पडतात. मी मोजलंय." कधी मोजलं ते त्यांनी सांगितलं नाही. आणि खरंच होतं ते. सुताराने ते याच खोलीत बसून बनवलं होतं.

"मग कापा."

"मी कापणार नाही," सूनबाई म्हणाली, आणि तिचा आवाज इतका ठाम होता की मला बरंच वाटलं.

"तर मग मी कापतो." मी तिच्या बाकावरची करवत उचलली, खाली बसलो आणि टेबलाच्या पायाला लावली. जन्मभर कात्री चालवलेल्या माणसाला वाटतं, कापणं म्हणजे कापणं. तसं नसतं. करवत माझ्या हातात बेडकासारख्या उड्या मारायला लागली. पहिला ओरखडा एकीकडे, दुसरा भलतीकडे. तिसऱ्याला मी माझंच बोट वाचवलं.

"बाबा, वाकडं जातंय," मागून आवाज आला.

"जाऊ दे."

"अहो, अंगठा असा नाही ठेवत."

"मला शिकवू नको."

"बाबा, उठा! उठा म्हणते ना! चांगल्या लाकडाची वाट लावताय!" आणि आठ वर्षांत पहिल्यांदा सूनबाईने मला दंडाला धरून बाजूला केलं. मी स्टुलाला आपटलो. ती टेबलाखाली शिरली, डाव्या हाताने फळ्या चाचपल्या, पायाच्या सांध्यावर टकटक केलं. मग खालूनच तिचा आवाज आला, एकदम वेगळा, खूश.

"यात एकही खिळा नाही! सगळ्या लाकडी खुंट्या आहेत. अरे, तो लाकडी हातोडा दे. हे कापायचंच नसतं, सोडवायचं असतं!"

ती सांगत गेली, चिरंजीव ठोकत गेले. नेम चुकला की ती त्यांच्या हातातून हातोडा काढून घ्यायची आणि डाव्या हाताने एकच टोला द्यायची, खुंटी बाहेर. तासाभरात टेबलाचे चार पाय, चौकट आणि चार फळ्या सुट्या झाल्या आणि मुकाट्याने दारातून बाहेर गेल्या. गल्लीच्या टोकाला एक शिवणक्लास आहे. तिथल्या बाई वर्षभर जमिनीवर बसून मुलींना कटिंग शिकवत होत्या. दुपारी सूनबाईने टेबल तिथे पुन्हा जोडून दिलं. उजेड डावीकडून यायला हवा यावरून मी त्या बाईंशी भांडलो, आणि टेबल हवं तसं फिरवून घेतलं. कप ठेवायचा नाही हेही बजावलं. मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

तिसऱ्या ट्रायलला खोली ओळखू येत नव्हती. पडद्याची मशीन आता साडेतीन बाय साडेचारची होती. सूनबाईने ती आधी खिडकीजवळ ठेवायला लावली, मग फळ्यांच्या भिंतीकडे, मग पुन्हा खिडकीजवळ. बाकावरून खरी पाटी उचलून तिने पुढून चढवली, उतरवली, मागे जाऊन खोटा भुसा काढला.

"उंच होतेय," ती म्हणाली. "चढवताना खांदा वर जातो. चार इंच खाली घ्या, बाबा."

मी नेफ्यातले पाइप सरकवले.

"अजून एक इंच. हां. आता भिंतीपासून एक वीत पुढे, तारांना जागा लागेल." ती चालत होती, वळत होती, हात लांब करून मोजत होती. कोपरं अंगापासून सुटली होती. मी तिला हसवायला किंवा बोलतं करायला काही केलं नाही. गरजच नव्हती.

"नक्की दीड?" चिरंजीवांनी अगदीच राहवलं नाही म्हणून विचारलं. "दोन पॉइंट दोनचं पण येतं."

"दीड," ती म्हणाली. "हवेचं." आणि तिने दुकानात फोन करून एप्रनवाल्या बाईंना आकार, स्पिंडल, मशीनची उंची, सगळं एका दमात सांगितलं. मशीन वीस दिवसांनी येणार होती.

एक तारखेला सकाळी दंतवैद्यांचाच फोन आला. सूनबाई बाकावर फळी घासत होती, हाताला भुसा लागलेला, म्हणून तिने फोन बाकावर ठेवून आवाज मोठा केला. मला आणि चिरंजीवांना सगळं ऐकू येत होतं. मी पेपर धरला होता, पण वाचत नव्हतो.

"मग कधीपासून येताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला नाही जमणार, डॉक्टर. विचारलंत त्याबद्दल आभार."

"का हो? वेळ अडचणीची आहे का? दुपारपर्यंतच या हवं तर. नाहीतरी घरीच असता ना तुम्ही?"

लोक तिला हे नेहमी विचारतात. ती नेहमी म्हणते, हो, घरीच असते, लाकडाचं थोडंफार काहीतरी करते. ते वाक्य आता येणार म्हणून मी पेपरामागे डोळे मिटले.

"घरीच असते," ती म्हणाली. "मी सुतार आहे."

 "हो का? मला कल्पना नव्हती," डॉक्टर म्हणाले, आणि मग जरा चाचरत, "अहो, आमच्या दवाखान्यातला बाक डुगडुगतो. बघाल का कधी?"

"साठ पाट्या आहेत हातात. त्या झाल्या की बघते."

तिने फोन बंद केला, हातांचा भुसा झटकला आणि पुन्हा फळीकडे वळली. चिरंजीवांनी माझ्या हातातला पेपर सरळ केला. मी तो उलटा धरला होता, म्हणे. असेल. मला त्या वेळी अक्षरं नीट दिसत नव्हती.